सहावी ते आठवीचं विज्ञान रिव्हाइज करताय? मग या चुका टाळा

सहामाही जवळ आली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली सहावी, सातवी, आठवीची मुलं संध्याकाळी विज्ञानाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात, आणि मुलं दरवर्षी बदलली तरी चुका त्याच असतात. मुलं हुशार आहेत हो, व्याख्या धडाधड म्हणतात, स्वाध्यायाची उत्तरं तोंडपाठ, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते. याचं कारण असं की बऱ्याच गोष्टींबद्दल मुलांच्या डोक्यात आधीच काहीतरी पक्कं बसलेलं असतं, ते चुकीचं असतं, आणि पुस्तकातली बरोबर ओळ पाठ झाली तरी ते आधीचं काही जात नाही. पेपरात ओळ लिहितात आणि विचार करायची वेळ आली की जुनीच समजूत वापरतात.

म्हणून धडा परत परत वाचणं म्हणजे रिव्हिजन, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. वाचण्याआधी मुलाला विचारा, "काय होईल असं तुला वाटतं, आणि का?" उत्तर चुकलं तरी मध्येच थांबवू नका, त्याला पूर्ण बोलू द्या, मग ती गोष्ट करून बघा. आपण म्हटलं तसं झालं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की ते पोरगं स्वतःहून विचारतं "असं का झालं?" आणि तिथून पुढे समजावणं फार सोपं जातं.

मेणबत्ती आणि ग्लासचा प्रयोग

हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर ग्लास पालथा, मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात वर चढतं. आणि मग सगळीकडे सांगितलं जातं की बघा, ऑक्सिजन जळून संपला, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढलं. ऐकायला इतकं छान वाटतं की कोणी शंकाच घेत नाही, पण हे स्पष्टीकरण चुकीचं आहे.

एकदा नीट बघा. मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं हलतच नाही, विझल्यावर मात्र भर्रकन वर येतं. ऑक्सिजन वापरला गेल्यामुळे पाणी चढत असतं तर जळताना हळूहळू चढायला हवं होतं ना? आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून तोच ग्लास ठेवा, पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन तर तेवढाच होता, मग जास्त कसं चढलं? होतं असं की ज्योतीमुळे ग्लासातली हवा तापते, प्रसरण पावते आणि ग्लास टेकवता टेकवता त्यातली थोडी बाहेर निघून जाते, कधीकधी काठाशी बुडबुडे पण दिसतात. मेणबत्ती विझली की आतली हवा गार होते, तिचा दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतलं पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन थोडा कमी होतो हे खरं, पण त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो, आणि मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

ज्यांना खरंच एक पंचमांश दाखवायचंय त्यांनी लोखंड गंजवून दाखवावं. परीक्षानळीच्या तळाशी ओलं स्टील वूल घट्ट बसवायचं, नळी पाण्याच्या भांड्यात पालथी उभी करायची आणि दोन-तीन दिवस सोडून द्यायची. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेतं, त्याच्या बदल्यात दुसरा वायू बाहेर पडत नाही, त्यामुळे पाणी साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत चढतं. इथे प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणामुळे, लोक भांडी घासायची तारेची घासणी वापरतात आणि ती स्टेनलेस स्टीलची असते, ती गंजतच नाही! हार्डवेअरच्या दुकानातलं साधं स्टील वूल आणा, रविवार पेठेत सहज मिळतं, आणि आधी थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून धुऊन घ्या, म्हणजे त्यावरचा तेलाचा थर जातो. आणि हे चाललंच आहे तर मुलांना विचारा की गंजलेला खिळा आधीपेक्षा जड होईल की हलका. बहुतेक जण हलका म्हणतात. गंज सगळा खिळ्यावरच राहू दिला तर वजन वाढतं, कारण हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला गेलाय.

शंभर अंश, वाफ आणि मस्तानीचा ग्लास

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं हे पाठ असतं, पण पुण्यात घरी प्रयोगशाळेचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला तर तो साधारण ९८ च्या आसपास थांबतो. मुलं घाबरतात, आपलं काहीतरी चुकलं म्हणतात आणि वहीत गुपचूप १०० लिहितात. कृपा करून हे करू देऊ नका. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी थोडं आधी उकळतं. सिंहगडावर तर आणखी दोन-एक अंश आधी. १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. पुस्तकाशी जुळावं म्हणून निरीक्षण बदलायची सवय एकदा लागली की पुढे प्रॅक्टिकलमध्ये ती सुटत नाही, त्यामुळे जे दिसलं तेच लिहायचं आणि मग फरक का पडला ते शोधायचं. (ताप बघायचा थर्मामीटर मात्र गरम पाण्यात घालू नका, तो ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो, फुटेल.)

याच्यातच आणखी एक गैरसमज दडलाय. पाणी उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला की पाणी अजून गरम होतं, असं घरातल्या मोठ्यांनाही वाटतं. नाही होत. उघड्या पातेल्यात तापमान तिथेच अडकून राहतं, जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, पाणी फक्त लवकर आटतं. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून आतलं पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जाऊ शकतं आणि डाळ पटकन शिजते. उकळत्या पाण्यातले मोठे बुडबुडे कसले, हेही विचारून बघा. हवेचे, ऑक्सिजनचे, हायड्रोजनचे, सगळी उत्तरं येतात, पण ते पाण्याच्याच वाफेचे असतात. आणि किटलीच्या तोटीतून जो पांढरा ढग निघतो ती वाफ नाही, ते पाण्याचे बारीक थेंब आहेत. खरी वाफ दिसत नाही, तोटीच्या अगदी तोंडाशी जी मोकळी जागा दिसते ना, तिथे आहे ती. लांबूनच बघायचं, हात नेऊ नका, वाफेने जास्त भाजतं.

गार ग्लासाच्या बाहेर पाणी कुठून आलं, या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. "आतून झिरपलं" हे उत्तर हमखास येतं. मग मी विचारतो, मस्तानीच्या ग्लासाबाहेरचे थेंब कुठल्या रंगाचे असतात? आंबा मस्तानी झिरपली असती तर थेंब पिवळे आणि गोड लागले असते की नाही! ते पाणी हवेतल्या बाष्पाचं आहे. शंका राहिली असेल तर झाकणाच्या डब्यात बर्फ भरा, डबा बाहेरून पुसून किचनच्या काट्यावर ठेवा, थोड्या वेळाने वजन काही ग्रॅम वाढलेलं दिसतं, म्हणजे बाहेरून काहीतरी आलं. हा प्रयोग पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये करा. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की थेंब फार येत नाहीत आणि मुलांना वाटतं प्रयोग फसला. उलट माठातलं पाणी मे महिन्यात मस्त गार होतं आणि पावसाळ्यात होत नाही, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला होतं, फक्त पृष्ठभागावरून होतं, तर उकळणं ठरावीक तापमानाला, सगळ्या पाण्यातून. "फरक स्पष्ट करा" मध्ये हा प्रश्न येतोच.

उष्णता आणि तापमान एकच समजणं ही पण याच घरातली चूक. सकाळी स्वयंपाकघरातली स्टीलची ताटली आणि लाकडी पोळपाट दोन्हीला हात लावायला सांगा, ताटली गार लागते, आणि मुलं म्हणतात तिचं तापमान कमी आहे. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत आहेत, तापमान सारखंच. स्टील हाताची उष्णता झटकन ओढून घेतं, लाकूड नाही घेत, बस.

बल, वजन, आणि ब्रेक मारणारी बस

वस्तुमान आणि वजन यांत गोंधळ होतो कारण भाजीवाल्याकडे आपण "वजन किती" विचारतो आणि उत्तर किलोत येतं. विज्ञानाच्या पेपरात किलो म्हणजे वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये. ४५ किलोचा मुलगा चंद्रावर गेला तरी ४५ किलोचाच राहतो, त्याचं वजन मात्र पृथ्वीवर ४५ गुणिले ९.८ म्हणजे ४४१ न्यूटन आणि चंद्रावर साधारण ७३ न्यूटन. एकक लिहिलं नाही की मार्क गेला हे वेगळं सांगायला नको.

त्यापेक्षा खोल रुतलेली समजूत म्हणजे वस्तू चालत राहायला सतत बल लागतं. कॅरमवर तपासा. स्ट्रायकर हातातून सुटल्यावर त्याला पुढे कोण ढकलतंय? कोणीच नाही. तरी तो जातो. बोर्डावर पावडर टाकली की आणखी लांब जातो. म्हणजे थांबवणारं घर्षण आहे, आणि ते कमी केलं की वस्तू जास्त वेळ चालते, पूर्ण काढून टाकता आलं तर थांबणारच नाही. हे पटलं की बसचा प्रश्न आपोआप सुटतो. बस ब्रेक मारते तेव्हा आपण पुढे जातो, मुलं लिहितात "पुढच्या दिशेने बल लागतं". कोण लावतं ते बल? नाव सांगता येत नाही, कारण तसं बल नसतंच. बस हळू झाली, आपलं शरीर आधीच्याच वेगाने जात राहिलं. प्रत्येक बलाला "कोणी लावलं, कोणावर लावलं" हे दोन प्रश्न विचारायची सवय लावा, न्यूटनच्या तिसऱ्या नियमातला घोळ पण त्यानेच मिटतो, कारण क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून त्या एकमेकांना रद्द करत नाहीत.

गणितांत एकच गोष्ट. सरासरी चाल म्हणजे दोन चालींची सरासरी नाही! समजा गाव १२० किमीवर आहे, जाताना ताशी ६० ने गेलात, येताना ट्रॅफिकमुळे ताशी ४० ने आलात. ५० लिहिणारे भरपूर. जायला २ तास, यायला ३ तास, एकूण २४० किमी ५ तासांत, म्हणजे ४८. आणि पूर्ण प्रवासाचं विस्थापन शून्य, कारण परत घरीच आलात.

बल्ब लागत नाहीये

सर्किटचा प्रयोग घरी करायला घेतला की अर्ध्या वेळा बल्ब लागत नाही, मग आई-बाबा वैतागतात आणि पुस्तकातली आकृती पाठ करून मोकळं होतात. तसं करू नका, बिघाड शोधणं हाच त्यातला खरा अभ्यास आहे. आधी टॉर्चच्या छोट्या बल्बकडे नीट बघा, त्याला दोन जागा आहेत, खालचं टोक आणि बाजूची आट्यांची धातूची बांगडी. एक वायर टोकाला, दुसरी बांगडीला. दोन्ही वायरी खालच्या टोकालाच लावल्या तर करंट बल्बच्या आत जातच नाही, उलट सेल शॉर्ट होऊन वायर गरम होते. मग वायर बघा. जुन्या मोटरमधून काढलेली तांब्याची तार चकचकीत दिसते पण तिच्यावर वार्निशचा थर असतो, टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय त्यातून काही जाणार नाही. मग सेलच्या होल्डरची स्प्रिंग, हिरवट-पांढरी झाली असेल तर घासून साफ करा.

आजकाल एलईडी वापरतात, त्याची तऱ्हा वेगळी. त्याला दिशा असते, लांब पाय सेलच्या धन टोकाकडे. आणि लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट, पांढऱ्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे दीड व्होल्टच्या एका सेलवर तो लागणारच नाही, मुलाचं काही चुकलेलं नसतं. दोन सेल एकसरीत, म्हणजे एकामागोमाग एक, जोडा आणि लाल एलईडीबरोबर १०० ओहमचा रेझिस्टर टाका. नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर एलईडी क्षणात जातो, तिथे ४७० ओहमचा लावा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात हे सगळं सुटं मिळतं आणि स्वस्त असतं. घरातल्या प्लगला मात्र यातलं काहीही जोडायचं नाही, हा नियम आधी सांगा, मग सामान हातात द्या.

आता समजुतीचा भाग. दोन सारखे बल्ब एकसर जोडले तर कुठला जास्त उजळेल? "पहिला, कारण दुसऱ्यापर्यंत करंट संपत आलेला असतो." हे उत्तर मला जवळजवळ दरवर्षी मिळतं. जोडून बघा, दोन्ही सारखेच उजळतात (आणि दोन्ही मंद). जागा बदलून बघा, तरी सारखेच. करंट वापरून संपत नाही, सायकलची चेन जशी पुढे आणि मागे एकाच वेगाने फिरते तसा तो सर्किटमध्ये सगळीकडे एकच असतो, खर्च होते ती ऊर्जा. गणपतीच्या डेकोरेशनच्या जुन्या माळांमध्ये एक बल्ब गेला की आख्खी ओळ बंद पडायची, ती एकसर जोडणी. घरात पंखा बंद केला तरी ट्यूब चालू राहते, ती समांतर जोडणी.

ढोल, ताशा आणि खोडदच्या दुर्बिणी

आवाजाच्या धड्यात उच्चनीचता आणि तीव्रता यांची अदलाबदल होते. पुण्यातल्या मुलांना यासाठी पुस्तक लागतच नाही. ढोलाचा आवाज खूप मोठा असतो पण खालच्या पट्टीतला, ताशाचा वरच्या पट्टीतला. ढोलावर टोला जोरात मारला की आवाज मोठा होतो, आयाम (कंपनाचा पल्ला) वाढतो, पण ढोलाचा ताशा होत नाही. तबलजी हातोडीने तबला चढवतो तेव्हा कातड्याचा ताण वाढतो, कंपनांची वारंवारिता वाढते, आणि पट्टी वर जाते. मोठा आवाज म्हणजे आयाम, चढा आवाज म्हणजे वारंवारिता, एवढं पक्कं करा.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड अँटेना, आणि शाळांच्या ट्रिप तिथे जातात. परत आलेली बरीच मुलं सांगतात की त्या दुर्बिणी अवकाशातले आवाज ऐकतात. हे तिथल्या तिथे दुरुस्त करायला हवं. आवाजाला जायला माध्यम लागतं, पोकळीतून तो येऊच शकत नाही. रेडिओ लहरी प्रकाशाच्या जातीच्या, पोकळीतून सेकंदाला साधारण तीन लाख किमी जाणाऱ्या. घरातला रेडिओ त्यांचं आवाजात रूपांतर करतो म्हणून गोंधळ होतो. आवाज हवेत सेकंदाला जेमतेम ३४० मीटर जातो, म्हणून वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, वीज साधारण किती किमीवर पडली ते कळतं.

जीवशास्त्र पाठांतराचं नाही

झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि रात्री ऑक्सिजन घेतात, हे वाक्य इतकं फिरलंय की ते बरोबरच वाटतं. झाडं श्वसन चोवीस तास करतात, दिवसासुद्धा. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याहून जोरात चालतं म्हणून एकंदरीत ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो असे मेसेज व्हॉट्सॲपवर येतात, पण ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतो, कुठलंच झाड अंधारात तो सोडत नाही. याच गोंधळातून पुढची चूक येते, वनस्पती पेशीत हरितलवकं (प्रकाशसंश्लेषण करणारे भाग) असतात म्हणून तंतुकणिका (श्वसनातून ऊर्जा मिळवणारे भाग) नसतात असं मुलं लिहितात. श्वसन करायचं तर तंतुकणिका हव्यातच, वनस्पती पेशीत दोन्ही असतात.

झाडाचं लाकूड कशापासून बनतं? "मातीपासून", बहुतेक सगळे. इथे व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगा, तो १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने सुमारे ९० किलो वाळवलेल्या मातीत विलोचं सव्वादोन किलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं, झाड सुमारे ७७ किलोचं झालं आणि माती कमी झाली साधारण ५७ ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. तोही पूर्ण बरोबर नव्हता, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबात नव्हता. मुलांना सांगा की त्याचा निष्कर्ष तपासा, कुठे कमी पडला ते शोधा. माझ्याकडे या एका गोष्टीवर अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तो वेळ वाया गेला असं कधी वाटत नाही.

श्वासोच्छ्वास आणि श्वसन वेगळे. छाती हलते तो श्वासोच्छ्वास, पेशीत अन्नातून ऊर्जा मिळते ते श्वसन. आपण बाहेर सोडतो ती हवा म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड नव्हे, त्यात ऑक्सिजन अजूनही १६ टक्क्यांच्या आसपास असतो आणि कार्बन डायऑक्साइड चारेक टक्के. म्हणून तर तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास उपयोगी पडतो.

हृदयाच्या आकृतीत डावं-उजवं उलटं होतं. आकृती समोर उभ्या असलेल्या माणसाची असते, त्यामुळे कागदाच्या उजव्या बाजूला हृदयाची डावी बाजू येते. निळा रंग फक्त आकृतीत, शरीरात रक्त निळं कधीच नसतं, ऑक्सिजन कमी असला की गडद लाल असतं. आणि धमनी म्हणजे ऑक्सिजनयुक्त रक्त असं पाठ केलं की फुप्फुस धमनीपाशी फसायला होतं, कारण तिच्यातलं रक्त ऑक्सिजन कमी असलेलं असतं. धमनी हृदयाकडून नेते, शिरा हृदयाकडे आणते, हे दोन शब्दांत बसवा.

अन्नसाखळीत बाण कुठे? गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे, बेडकाकडून सापाकडे. बाण ऊर्जा जाते त्या दिशेने, खाणाऱ्याकडे. "साप बेडकाला खातो" असं मनात म्हणत बाण काढला की तो उलटा येतो.

हळदीचा दर्शक पण पटकन बघून टाका. साबणाने लाल होतो, लिंबाने पिवळाच राहतो, साध्या पाण्यानेही पिवळाच. म्हणजे हळदीने आम्ल ओळखता येत नाही, फक्त आम्लारी. आम्लासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी घ्या.

ऋतू आणि सावली

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, असं मोठी माणसंही सांगतात. प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किमी, म्हणजे आपण पुण्यात स्वेटर घालतो तेव्हा, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, सुमारे १५.२ कोटी किमी. ऋतू होतात ते अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. जानेवारीत ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो हे सांगितलं की अंतराचा मुद्दा तिथेच संपतो. चंद्राच्या कलांचंही असंच, त्या पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. वद्य अष्टमीला सकाळी पश्चिमेकडे बघा, अर्धा चंद्र दिसतो आणि त्याच वेळी सूर्य पूर्वेला असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडणार, ती या अर्ध्या चंद्रावर येणार कशी?

पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा, त्यामुळे १३-१४ मेच्या आसपास आणि परत जुलैच्या अगदी शेवटच्या दिवसांत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली गायब होते. जुलैमध्ये ढगांमुळे बहुधा हुकतं, म्हणून मे महिन्याचा धरायचा. शाळेला सुट्टी असते, गच्चीवर मुलांना घेऊन जा. यात दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे काठी तिरकी असते, ओळंबा लावून ती सरळ आहे का बघा, नाहीतर सपाट जागेवर सरळ कडेचा डबा ठेवा. दुसरी म्हणजे लोक बरोबर बाराला बघतात, सावली दिसते आणि "काही नाही होत" म्हणून खाली उतरतात. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि पुणं त्याच्या पश्चिमेला पावणेचौऱ्याहत्तरच्या जवळ आहे, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला मे महिन्यात साडेबारा वाजतात. सव्वाबारालाच गच्चीवर जा, डब्याच्या सावलीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी खडूने खूण करा, आणि पावणेएकपर्यंत थांबा.